फोटोशूट शिकायचं कोणत्या क्रमाने? सातारा-सांगलीतल्या नवशिक्या फोटोग्राफरसाठी

आपल्याकडे कॅमेरा घेतला की पहिली ऑर्डर येते ती घरच्या लग्नाची. चुलत्याच्या मुलीचं लग्न, "तुझा कॅमेरा आहेच की" म्हणून. आणि फोटोग्राफीतलं सगळ्यांत अवघड काम तेच असतं. अंतरपाट एकदाच सरकतो. त्या क्षणी फ्लॅश पेटला नाही, तर भटजींना परत मंगलाष्टकं म्हणायला सांगता येत नाही.

म्हणून या लेखात फोटोशूटचे प्रकार "समोरचं किती थांबतं" या हिशोबाने लावले आहेत. आधी वस्तू आणि डोंगर, कारण त्यांना घाई नसते. मग सांगितलं तर थांबणारी माणसं. शेवटी कुणासाठीच न थांबणारं, म्हणजे लग्न, शर्यत, यात्रा. या क्रमाने गेलात तर प्रत्येक पायरीवर शिकलेलं पुढच्या पायरीला उपयोगी पडतं.

## १. आधी सामान, पण थोडंच

सुरुवातीला एवढं पुरतं:

- रॉ फाइल (कॅमेऱ्याने न बदललेला, नंतर नीट दुरुस्त करता येणारा फोटो) देणारा कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस बॉडी. जुना, वापरलेला असला तरी चालेल
- सोबत मिळणारी १८-५५ लेन्स
- एक एफ १.८ ची फिक्स लेन्स, म्हणजे झूम न होणारी (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त, आणि स्पष्ट दिसणारा भाग कमी)
- डोकं फिरवता येणारा फ्लॅश
- न डुगडुगणारा ट्रायपॉड
- तीन बॅटऱ्या, ६४ जीबीची तीन कार्डं
- पाच रंगांचा रिफ्लेक्टर आणि स्टेशनरीच्या दुकानातले दोन पांढरे थर्माकोल

फिक्स लेन्स घेताना बहुतेकांची निवड चुकते. सगळे ५० एमएम घेतात, कारण ती स्वस्त आहे. पण लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ७५-८० एमएमसारखी दिसते. गावाकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत बारशाचा पाळणा आणि बाळाची आई एका फ्रेममध्ये घ्यायची म्हटलं, तर तुमची पाठ भिंतीला टेकते आणि तरी दोघं मावत नाहीत. घरातली कामं जास्त करणार असाल तर ३५ एमएम घ्या. बाहेरचे पोर्ट्रेट जास्त करणार असाल तर ५० ठीक.

कॅमेरा हातात आल्यावर तीन गोष्टी लगेच करा. फाइल रॉवर ठेवा. तारीख-वेळ मोबाइलशी जुळवा, कारण पुढे दोघांनी मिळून ऑर्डर केली आणि घड्याळात वीस मिनिटांचा फरक असला, तर अल्बम लावताना पाठवणी सप्तपदीच्या आधी येते. आणि कार्ड नेहमी कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नाही.

## २. वस्तूंचे फोटो: सगळ्यांत चांगली शाळा

हा प्रकार कमी दर्जाचा मानला जातो, पण उजेड कसा चालतो हे जितकं इथे कळतं तितकं दुसरीकडे कुठेच कळत नाही. शिवाय आपल्या दोन जिल्ह्यांत कामाला तोटा नाही. सांगलीची हळद, तासगावकडचा बेदाणा, साताऱ्याचा कंदी पेढा, मिरजेच्या सतारी, काकवी, मसाले, लोणची. बचत गटांपासून ऑनलाइन विकणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना स्वच्छ फोटो हवे असतात.

मांडणी अशी करा:

१. खिडकीजवळ टेबल लावा. थेट ऊन येत असेल तर खिडकीला पांढरा पातळ कपडा बांधा.

२. पांढरा चार्ट पेपर भिंतीवरून टेबलावर गोलाई देत उतरवा. दुमडू नका, नाहीतर मागे रेघ दिसते.

३. खिडकीच्या समोरच्या बाजूला थर्माकोल उभा करा. तो जवळ आणला की सावली फिकट होते, लांब नेला की गडद.

४. खोलीतली ट्यूब आणि बल्ब बंद करा. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकत्र आले की वस्तूची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी होते, आणि ते नंतर नीट दुरुस्त होत नाही.

५. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, एफ ८ ते एफ ११, शटर (फोटो टिपायला लागणारा वेळ) येईल ते येऊ द्या, अर्धा सेकंदसुद्धा चालतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबण्याचा धक्का लागणार नाही. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (हाताचा धक्का सावरणारी सोय) बंद ठेवा.

६. पहिल्या फोटोत वस्तूशेजारी ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक राखाडी रंगाचं कार्ड, ठेवा. रंग त्यावरून जुळवता येतो.

आता वस्तूप्रमाणे अडचणी.

हळदीची पूड दिसायला सोपी, पण नवशिक्याला हमखास फसवते. फोटोत ती सपाट पिवळा डाग होते, दाणा-कण काही दिसत नाही. कारण पिवळ्या-केशरी रंगात लाल चॅनेल सगळ्यांत आधी भरून जातो आणि कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र "सगळं ठीक" म्हणतो. रंगांचा वेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि एक्स्पोजर (फोटोतला एकूण उजेड) दोन तृतीयांश स्टॉपने खाली आणा; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. उजेड बाजूने आणि कमी उंचीवरून येऊ द्या, म्हणजे ढिगाचा पोत उठून दिसतो. शेजारी अख्खं हळकुंड आणि एक मोडलेलं ठेवा. मोडलेल्या हळकुंडाचा आतला रंगच खरेदीदार बघतो.

बेदाण्याचं उलटं. समोरून उजेड टाकला की तो मळकट दिसतो. उजेड मागून द्या, समोर थर्माकोल ठेवा. हिरवा बेदाणा मागच्या उजेडात आरपार चमकतो, आणि मालाची प्रत तिथेच कळते.

पेढा फ्रीजमधून काढून लगेच टेबलावर मांडू नका. वर दव धरतं आणि पेढा घामेजलेला दिसतो. साधारण तासभर बाहेर राहू द्या. तूप बोटांना लागतं, म्हणून चिमट्याने मांडा; पेढ्यावर उमटलेला अंगठ्याचा ठसा मोठ्या स्क्रीनवर स्पष्ट दिसतो.

पितळी-स्टीलची भांडी आणि पॉलिश केलेली सतार यांत खोली, खिडकी आणि तुम्ही स्वतः, सगळं उमटतं. अशा वस्तूला चहूबाजूंनी पांढऱ्याने घेरायचं आणि लेन्सपुरती फट ठेवायची. सतारीसाठी लांब उभे राहून ५५ एमएमवर किंवा त्याहून लांबच्या लेन्सने काढा. जवळून १८ एमएमवर काढलीत तर भोपळा भलामोठा आणि खुंट्या चिमुकल्या दिसतात. ज्यांनी ती बनवली आहे ते असा फोटो बघून हसतील.

काचेच्या बाटलीतली काकवी काळी दिसते. बाटलीच्या आकारापेक्षा थोडा लहान पांढरा कागद कापून बाटलीमागे, समोरून दिसणार नाही असा लपवा आणि त्यावर उजेड पाडा. काकवीचा तांबूस रंग लगेच उघडतो.

ऑनलाइन बाजारासाठी फोटो काढत असाल तर त्यांचे नियम आधी विचारा. अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटोत पूर्ण पांढरी पार्श्वभूमी लागते, वस्तूने ८५ टक्के फ्रेम भरलेली लागते, आणि झूम चालायला लांब बाजू निदान १,००० पिक्सेल हवी.

## ३. डोंगर, पठार, पाणी

कास पठार साताऱ्यापासून साधारण २५ किलोमीटर. २०१२ पासून पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश आहे. फुलांच्या हंगामात, म्हणजे ढोबळमानाने ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, पर्यटकांची संख्या मर्यादित असते आणि आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. शनिवार-रविवार टाळा. नोंदणी मिळाली तरी पायवाटेवर दहा माणसं तुमच्या फ्रेममध्ये असतील.

नवीन माणूस तिथे वाइड लेन्स घेऊन जातो आणि निराश होतो. डोळ्यांना गालिचा दिसतो, पण फोटोत हिरव्यावर चार ठिपके येतात. कारण फुलं बोटभर उंचीची. लांबच्या लेन्सने, ५५-२५० असेल तर २०० च्या पुढे, खाली बसून फुलांच्या उंचीवरून काढा. लांब लेन्स मागची-पुढची फुलं एकावर एक दाबते आणि तो गालिचा परत मिळतो. पायवाट सोडायची नाही. एक पाऊल म्हणजे पुढच्या वर्षीची बी तुडवणं.

सीतेची आसवं, तेरडा, गेंद, सोनकी, दवबिंदू ही इथली फुलं. वारा थांबत नाही, म्हणून शटर १/२५० च्या खाली नको. जांभळा रंग ऑटो व्हाइट बॅलन्सवर (कॅमेऱ्याने उजेडाचा रंग बघून आपोआप केलेली रंगजुळणी) निळा पडतो. तो ५,५०० केल्विनच्या आसपास बांधून ठेवा. धुकं असेल तर कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे आणि तो फोटो राखाडी करतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश ते एक स्टॉप वर घ्या.

ठोसेघरला धबधबा दुधासारखा करायचा तर शटर अर्ध्या सेकंदाच्या आसपास, त्यासाठी एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) आणि ट्रायपॉड. तुषार लेन्सवर येतातच. दोन फोटोंमध्ये काच पुसा, नाहीतर घरी गेल्यावर सगळ्यांत डाग सापडतील. जवळच चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आहेत: १/१००० ला पाती गोठतात आणि चक्की बंद पडल्यासारखी दिसते, १/१५ ला ट्रायपॉडवर फिरताना दिसते.

गाडीत एसी लावून डोंगरावर गेलात आणि लगेच कॅमेरा बाहेर काढला, तर काचेवर वाफ धरते. शेवटचे दहा-पंधरा मिनिटं एसी बंद करून खिडक्या उघडा.

इतर जागा हंगामाप्रमाणे निवडा: अजिंक्यतारा सकाळी, मेणवलीचा घाट सकाळी लवकर कपडे धुणाऱ्यांच्या आधी किंवा मुद्दाम त्यांच्यासोबत, मिरजेजवळचा दंडोबा पावसाळ्यानंतर, हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम संध्याकाळी. जंगलाच्या हद्दीत, म्हणजे सागरेश्वर, चांदोली, कोयना इथे, वनखात्याची परवानगी लागते. आणि सर्पमित्राला "जरा हातात धरा की" म्हणून सापाचे फोटो काढायच्या फंदात पडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तुम्हालाही लागू होतो.

## ४. पोर्ट्रेट आणि प्री-वेडिंग

इथून माणसं सुरू. ती थांबतात, पण कंटाळतात.

वेळ आधी ठरवा, जागा नंतर. मे महिन्यात साताऱ्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात सहाच्या. मावळतीआधीचा दीड तास तुमचा. जोडप्याला तीनला बोलावलं तर दोन तास उन्हात डोळे मिचकावलेले फोटो मिळतील आणि चांगला उजेड येईपर्यंत नवरदेवाचा चेहरा पडलेला असेल. साडी नेसणं, केस, मेकअप याला दीड-दोन तास जातात हे धरूनच निघायची वेळ सांगा. नऊवारी असेल तर नेसवणारी बाई सोबत हवीच. निऱ्या सुटल्या तर त्या तुम्हाला बसवता येणार नाहीत.

सेटिंगमधली नेहमीची चूक: एफ १.८ वर जोडप्याचा फोटो. दोघांपैकी एक चार बोटं मागे असला तरी त्याचा चेहरा मऊ पडतो. दोघं असतील तर एफ २.८ ते ४, घोळका असेल तर ५.६ ते ८. शटर १/२०० च्या आसपास, कारण माणसं हसताना हलतात.

ऊन त्यांच्या पाठीमागे ठेवा, चेहऱ्यावर रिफ्लेक्टरची पांढरी बाजू. चंदेरी बाजू डोळ्यांत जाते आणि दोघंही डोळे मिटतात. सोनेरी बाजू सावळ्या चेहऱ्यावर बरी दिसते, पण थोडी लांबून.

उसाच्या रानात शूट करायची हौस सगळ्यांना असते, विशेषतः नोव्हेंबर-डिसेंबरात तुरा आल्यावर. दृश्य सुंदर, पण उसाचा पाला हिरवा उजेड चेहऱ्यावर फेकतो. गालाखाली, हनुवटीखाली आजारी हिरवट छटा येते. जोडप्याला पाल्यापासून चार-पाच फूट पुढे घ्या आणि खालून पांढरं कापड किंवा रिफ्लेक्टर धरा. शेतमालकाला आधी विचारा, पाणी सोडलेल्या सरीत शिरू नका, आणि पाल्याच्या धारेने हात कापतात हे नवरीला आधीच सांगा.

नदीकाठी, घाटावर पावसाळ्यात शेवाळ असतं. पायरीवर बसून पाण्यात पाय सोडण्याचा फोटो हवा असेल तर तो हिवाळ्यात काढा. कृष्णेचं पाणी चढलं असेल तर घाटावर शूटच ठेवू नका.

देवळात, वाड्यात, किल्ल्यावर "सगळे काढतात" हे उत्तर चालत नाही. संरक्षित वास्तूत ट्रायपॉड किंवा व्यावसायिक शूटसाठी लेखी परवानगी लागू शकते. देवस्थानाच्या ठिकाणी व्यवस्थापकांना भेटा. लिंब-शेरीच्या बारा मोटेच्या विहिरीसारख्या जागी गर्दी असते आणि आत उजेड वरून येतो, त्यामुळे डोळ्यांखाली सावल्या पडतात. तिथे चेहरे वर करायला सांगा.

## ५. डोहाळजेवण, बारसं, लहान बाळ

डोहाळजेवणाला हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा, धनुष्यबाण, चंद्रकोर. तयारीचे फोटो ओटी भरण्याच्या आधीच उरकून घ्या. एकदा बायकांची रांग लागली की तासभर तुम्हाला ती एकटी मिळत नाही. तिला फार वेळ उभं ठेवू नका. झोपाळ्यावर बसवून काढलेले फोटो उभ्या फोटोंपेक्षा कधीही सहज येतात.

बारशाला दोन क्षण हुकवू नका: "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत पाळण्याच्या खालून-वरून होणारी देवाणघेवाण, आणि आत्याने कानात "कुर्रर्र" करून नाव सांगणं. दुसऱ्यानंतर लगेच आत्याच्या पाठीत धपाटे पडतात, खरा फोटो तोच. आत्याच्या समोरच्या बाजूला उभे राहा, मागे नाही.

नवजात बाळाचे गुंडाळलेले, झोपलेले फोटो पहिल्या दोन आठवड्यांत जमतात. त्यानंतर बाळ पाय ताणतं. दूध पाजून झाल्यावर सुरुवात करा, खोली उबदार ठेवा, पंखा बंद, खिडकीचा मऊ उजेड. इंटरनेटवर दिसणाऱ्या हनुवटीखाली हात ठेवलेल्या किंवा लटकत्या टोपलीतल्या पोझ बहुतेक दोन-तीन फोटो जोडून केलेल्या असतात आणि बाळाला कुणीतरी धरलेलं असतं. त्या करायच्या नाहीत. बाळाच्या हाताच्या अंतरावर घरातलं एक माणूस कायम हवं.

## ६. हळद

लग्नाच्या आदल्या दिवसाचं हे काम आता लग्नाइतकंच मोठं झालं आहे. दोन संकटं असतात: रंग आणि डीजेचे दिवे.

पिवळा मंडप, पिवळे कपडे, पिवळी हळद. ऑटो व्हाइट बॅलन्स हे सगळं बघून गोंधळतो आणि माणसं निळसर करतो. एका पांढऱ्या कापडावर हाताने बॅलन्स ठरवा आणि बांधून ठेवा. छतावर फ्लॅश मारायचा तर आधी वर बघा: गुलाबी किंवा जांभळ्या कापडाचा मंडप असेल तर तोच रंग चेहऱ्यावर उतरतो. अशा वेळी फ्लॅश बाजूच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवा, किंवा फ्लॅशवर छोटं पांढरं कार्ड लावून सरळ मारा.

लाल आणि निळे एलईडी दिवे चेहऱ्यावर असतील तर रॉ फाइलसुद्धा वाचवत नाही, कारण त्या उजेडात बाकीचे रंगच नसतात. दिवेवाल्याला जाऊन गोडीत सांगा की हळद लावताना अर्धा तास पिवळसर-पांढरा ठेव, नाचताना हवं ते कर. बहुतेक जण ऐकतात. फोटोत आडव्या काळ्या पट्ट्या दिसल्या तर ती दिव्यांची फडफड. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की साध्या दिव्यांच्या पट्ट्या जातात. एलईडी पारचं, म्हणजे स्टेजवरच्या रंगीत दिव्यांचं, गणित वेगळं, तिथे दोन-तीन शटर वापरून बघायचं.

## ७. लग्न

पहिलं लग्न एकट्याने घेऊ नका. अनुभवी फोटोग्राफरकडे दुसरा म्हणून चार लग्नं करा, पैसे कमी मिळाले तरी. मुख्य क्षण त्याच्या अंगावर, तुमच्यावर नाही, आणि तुम्हाला विधींचा क्रम पाठ होतो.

आदल्या दिवशी घरच्या एका माणसाला पकडून यादी करा: मुहूर्त किती वाजता, कोणत्या बाजूचे मामा अंतरपाटाला, कानपिळी आहे का, लाजाहोम कुठे, रुखवत कुठे मांडणार. सगळे काका-मामा तुम्ही ओळखत नाही. प्रत्येक बाजूचा एक पोरगा सोबत घ्या, तो माणसं गोळा करून आणतो. ग्रुप फोटोची यादी आधी लिहून घ्या. "आजीचा फोटोच नाही" ही तक्रार लग्नानंतर दहा वर्षं ऐकावी लागते.

रुखवत सकाळी काढा. महिनाभर खपून केलेलं ते टेबल दुपारी आवरलं जातं आणि नवे फोटोग्राफर नेमकं तेच विसरतात. एक पूर्ण टेबलाचा, बाकी एकेक वस्तूचा.

मंगलाष्टकं. अंतरपाटाच्या टोकाला, भटजींच्या विरुद्ध बाजूला उभे राहा. तिथून दोघांचे चेहरे बाजूने दिसतात आणि पाट सरकतो तेव्हा मधे काही येत नाही. जागा पहिल्या मंगलाष्टकाला पकडा. शेवटच्या "सावधान"ला पाव्हण्यांची भिंत तयार होते, तुम्हाला कुणी वाट देणार नाही. शटर १/२००, एफ ४, आयएसओ १६००, फ्लॅश वर वळवलेला. फ्लॅश असताना शटर १/२५० च्या वर नेलं तर बऱ्याच कॅमेऱ्यांत खाली काळी पट्टी येते.

अक्षतांचा त्रास वेगळाच. फ्लॅश सरळ मारला की लेन्सजवळचे दाणे मोठे पांढरे गोळे होऊन चेहऱ्यांवर येतात, आणि ऑटोफोकस नवरीऐवजी उडत्या तांदळाला पकडतो. शेवटचं कडवं सुरू झालं की फोकस चेहऱ्यावर घेऊन मॅन्युअलवर टाका आणि सलग फोटोंवर ठेवा. लक्षात ठेवा, फ्लॅशला परत भरायला वेळ लागतो. दहा सलग फोटोंत तो दोनदा-तीनदाच पेटेल. म्हणून फ्लॅशशिवायही फोटो बरा यावा एवढा आयएसओ आधीच धरायचा.

त्यानंतर हार, कन्यादान, मंगळसूत्र, लाजाहोम, सप्तपदी, कानपिळी, सूनमुख, झाल. होमाच्या धुराने फ्लॅशचा फोटो पांढरा पडतो. धूर असताना फ्लॅश बंद करा. आहेराची रांग कंटाळवाणी असते, पण घरच्यांना ते फोटो लागतातच. दुसरा माणूस तिथे उभा करा आणि स्वतः पाठवणीआधी आईच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा.

जेवणाआधी कार्ड बदला. कार्ड भरेपर्यंत वापरू नका. २४ मेगापिक्सेलची रॉ फाइल २५-३० एमबीची, म्हणजे ६४ जीबीत साधारण दोन हजार फोटो, आणि पूर्ण दिवस एकाच कार्डवर ठेवणं म्हणजे सगळं एका दोरीवर टांगणं.

## ८. शर्यत, कुस्ती, यात्रा

बैलगाडा शर्यतीत शटर १/१००० च्या वर, फोकस सतत पाठलाग करणारा, लेन्स २०० च्या पुढे. वेगाचा भास हवा तर १/६० ला कॅमेरा गाडीसोबत फिरवा. दहातले आठ वाया जातील, तसंच असतं. शेवटच्या रेषेपलीकडे उभं राहू नका. बैल रेषेवर थांबत नाहीत, आणि लांब लेन्समधून बघताना अंतराचा अंदाज पूर्ण चुकतो.

कुस्तीला आखाड्याच्या कडेला मातीत बसा. खालून काढलेला पैलवान उभा राहतो, वरून काढलेला चपटा होतो. आखाड्यात चपला घालून जाऊ नका.

पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा आभाळभर उडतो. फोटो अप्रतिम मिळतात आणि कॅमेरा मरतो. आत जाण्याआधी एकच लेन्स लावा आणि घरी जाईपर्यंत काढू नका. बॉडीवर पारदर्शक पिशवी, लेन्सपुढे साधा फिल्टर, जोडावर चिकटपट्टी. नंतर भंडारा कापडाने पुसायचा नाही, आधी हवेच्या पंपाने उडवायचा. नाहीतर काचेवर ओरखडे. बावधनच्या बगाडासारख्या ठिकाणी मानकऱ्यांच्या वाटेत येऊ नका, गावातला ओळखीचा माणूस सोबत ठेवा.

## ९. कागद, पैसे, हक्क

स्टुडिओ काढायचा तर मोजकेच कामगार असताना महाराष्ट्रात दुकान-आस्थापना कायद्याखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. आधार, पॅन, जागेचा पुरावा आणि फोटो तयार ठेवा. उद्यम नोंदणी मोफत आहे. पैसे मागणाऱ्या एजंटाकडे जाऊ नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.

ऑर्डर तोंडी घेऊ नका. व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, पण लिहून घ्या: तारीख, किती तास, किती माणसं, किती एडिट केलेले फोटो, अल्बमची किती पानं, कधी मिळणार, अ‍ॅडव्हान्स किती. अल्बम छापायला देण्याआधी उरलेली रक्कम घ्या. छापून झाल्यावर "थांबा जरा" सुरू होतं.

बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, पैसे घेऊन कुणासाठी काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम देणारा असतो, फोटोग्राफर नाही. त्यामुळे नवरीचा फोटो तुमच्या इन्स्टावर टाकायचा असेल तर ऑर्डरच्या कागदातच एक ओळ लिहून सही घ्या. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची परवानगी वेगळी घ्या.

ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर नोंदणी लागते, आणि पैसे घेऊन उडवायचा असेल तर रिमोट पायलट प्रमाणपत्रही. कासला तो नेऊच नका.

## १०. घरी आल्यावर

झोपण्याआधी फोटो दोन ठिकाणी उतरवा: लॅपटॉप आणि बाहेरची हार्ड डिस्क. तिसरी प्रत दुसऱ्या घरी किंवा क्लाउडवर. तिन्ही झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, दुसऱ्या दिवशी ऑर्डर असली तरी. म्हणून तर तीन कार्डं.

पावसाळ्यात साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या हवेत लेन्सला बुरशी धरायला फार वेळ लागत नाही. कॅमेरा कापडी बॅगेत कपाटात ठेवू नका. हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे; वर गेला की जेल बदला किंवा तापवून परत वापरा. चामडी लेन्सकव्हर डब्यात ठेवू नका, बुरशी आधी त्यालाच धरते. आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून थोडे फोटो काढा, काहीही, कुंडीचे का असेनात.